वऱ्हाडातील घरे : कालची आणि आजची



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा माझ्या वाट्याला एखादी पाककृती येईल असे मला वाटले होते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घराचे काम नुकतेच झाले आहे, त्यावरच लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिण्याचा अधिकार मला नाही हे मी जाणते. तरी घर हा विषय असा आहे की बाईमाणसाचा सारा जन्म त्यातच जातो, म्हणून हे धाडस करीत आहे.

माझ्या एकटीच्या घराची हकीकत सांगून पान भरण्यात अर्थ नाही. तेव्हा आपल्या अमरावती-अकोल्याकडची घरे गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत कशी कशी बदलत गेली ते आधी पाहू, आणि मग आज घरावर पैसा घालताना कोणते काम आधी घ्यावे याचा विचार करू, असे योजिले आहे. यातले काही मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, काही गवंडी-सुतारांना विचारले आहे, आणि जुन्या काळची माहिती माझ्या मुलीने वाचनालयातली पुस्तके वाचून मला सांगितली आहे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. पिढ्यान्पिढ्या माणसे एका जागी राहिली, चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती एकावर एक साचली, की त्या जागेची माती पांढुरकी होते. या पांढरीवर आपल्या वाडवडिलांची घरे उभी राहिली, आणि घराला लागणारी मातीही तिथलीच. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, दोन-दोन हात जाड. वर आडवे लाकूड, त्यावर तुराट्या किंवा पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छत. यालाच आपण धाबे म्हणतो. ज्यांना धाबे परवडत नसे ते तुराट्या-पऱ्हाट्यांचा कुड उभा करून दोन्ही अंगांनी शेणामातीने लिंपीत आणि वर गवत शाकारीत. ज्यांच्या गावात कुंभार होता ते कवेलू घालीत.

या घरांची दोन वैशिष्ट्ये होती. एक म्हणजे सगळे सामान पाच-दहा मैलांच्या आतले. दुसरे असे की घर एकदा बांधून संपत नसे. मृग लागायच्या आधी धाब्यावर नवी माती टाकायची, कवेलू फेरायचे, भिंती पोतारायच्या, जमीन सारवायची. गड्यांचे काम धाब्यापर्यंत. सारवणे-पोतारणे सगळे बायकांच्या हातचे. त्यामुळे घराची कोणती भिंत ओल धरते, कोणत्या कोपऱ्यात वाळवी लागते, हे घरातल्या बाईला नेमके ठाऊक असे. ही जाण पुढच्या काळात कमी होत गेली, हे मी पुढे सांगणार आहे.

श्रीमंतांची घरे निराळी. देशमुख-पाटलांच्या गढ्या आपल्या भागात गावोगाव होत्या. कित्येक ठिकाणी आज नुसता मातीचा उंचवटा राहिला आहे. पक्क्या विटांचे काम पाहायचे तर बाळापूरचा किल्ला पाहावा. अठराव्या शतकातले ते काम अजून माना वर करून पाहण्यासारखे आहे. अमरावतीत कापसाच्या आणि सावकारीच्या पेढ्या होत्या. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमदानीत १८०७ साली शहराभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आपण बाजारहाटाला जाताना रोज घेतो, ती त्या परकोटाच्या वेशींची. कोटाच्या आतली घरे एकमेकांना खेटून, पुढे अरुंद बोळ, दर्शनी भिंत उंच आणि खिडक्या लहान. चोर-दरोडेखोरांची भीती हे या बांधणीचे मोठे कारण होते. भीती गेली तरी बांधणी तशीच राहिली.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा करीत १८६७ साली नागपूरला पोचला. गाडीने कापूस गेला, आणि येताना घराचे सामान आले. पन्हळी टिनाचे पत्रे आले. गवताच्या छपरांना उन्हाळ्यात आगी लागत, म्हणून टिनांचे अप्रूप वाटले. मंगलोरला १८६५ साली बासेल मिशनने यंत्रावर कवेलू काढायला सुरुवात केली होती, ते मंगलोरी कवेलूही पुढे मोठ्या घरांवर दिसू लागले. शहाबादची फरशी आली. मेळघाटचे सागवान तर घरचेच. कापसाच्या पैशातून अकोला-अमरावतीत दुमजली वाडे झाले, त्यांना नक्षीचे खांब, सज्जे, रंगीत काचा आल्या. १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा हे शहर असे भरभराटीस आलेले होते.

आमच्या मोहल्ल्यात अशा वाड्यांपैकी काही अजून आहेत. दर्शनी ओसरी पाहिली तर डोळ्यांचे पारणे फिटते. पण आत आत जात राहिले की उजेड कमी कमी होत जातो. माजघरात दिवसा दिवा लागे. स्वयंपाकघर सर्वांत मागे, धुराने काळे झालेले. बाळंतिणीची खोली त्याहून अंधारी. विहीर असली तर नशीब, नाही तर पाणी डोक्यावरून. माझ्या आजेसासूबाई सांगत, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात चुलीच्या धुराने त्यांचे डोळे सुजले, आणि लोकांना वाटले की नवी नवरी माहेरच्या आठवणीने रडते आहे. कापसाचा पैसा पन्नास वर्षे त्या घरात आला, ओसरीचे खांब तीनदा रंगवले गेले, पण धुराला वाट काढून देणारे धुराडे कोणी बांधले नाही. पैसा पाहुण्यांच्या नजरेस पडेल तिथे लागला.

संडासाची गोष्ट याहून वाईट. मोठ्या घरांना टोपलीचे संडास होते. ते साफ करायला दुसऱ्या बायका मागच्या बोळातून येत आणि मैला डोक्यावर वाहून नेत. खेड्यात तेही नव्हते, पहाटे अंधारात किंवा तिन्हीसांजेनंतर गोदरीला जायचे. बायकांनी दिवसभर पाणी कमी प्यायचे आणि पोट आवळून बसायचे. हे दुखणे कोणी बोलून दाखवीत नसे. मैला डोक्यावर वाहून नेण्यास आणि असे संडास बांधण्यास बंदी करणारा कायदा देशात १९९३ साली झाला. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजणींच्या डोळ्यांदेखतची ही गोष्ट आहे.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याने देशाला दोन माणसे दिली, याचा अभिमान वाटतो. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा नेम. ऋण काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी जन्मभर सांगितले. पंढरपूर-नाशिकसारख्या ठिकाणी त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी घर बांधले नाही. दुसरे यावलीला जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांच्या ग्रामगीतेत गावच्या आणि घरच्या स्वच्छतेचा विचार आहे. पुढे २००० साली राज्य सरकारने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा खेडोपाडी संडास बांधण्याला वेग आला. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाने त्यात भर घातली.

धुराचेही तसेच. वर्ध्याला १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ निघाला. तिथल्या मगनवाडीत बिनधुराची मगन चूल तयार झाली. चुलीला नळकांडे जोडून धूर छपराबाहेर काढायचा, एवढीच युक्ती, आणि खर्च म्हणजे माती आणि दोन हातांची मेहनत. सेवाग्रामच्या कुट्याही तिथल्याच मातीच्या, बांबूच्या आणि कवेलूच्या. मंडळाच्या सहलीत आपण त्या पाहिल्या आहेत. एवढ्या थोर माणसाचे घर, आणि त्यात डोळ्यांत भरेल असे काही नाही. पण उजेड, वारा आणि स्वच्छता भरपूर.

यानंतर सिमेंट आले. हिंदुस्थानात पोरबंदरला १९१४ साली सिमेंट निघू लागले, पण आपल्यासारख्यांच्या घरापर्यंत ते यायला फार वर्षे लागली. सिमेंटवर सरकारचे नियंत्रण होते. परमिट काढायचे, खेटे घालायचे, मग मोजक्या पिशव्या मिळायच्या. मामाजी सांगत की न्हाणीघराच्या फरशीसाठी त्यांनी चार महिने वाट पाहिली. १९८२ साली हे नियंत्रण सैल झाले आणि १९८९ साली पूर्ण उठले. तेव्हापासून गावोगाव स्लॅब पडू लागले. आपल्याकडे माकडे फार. ती कवेलूंवर उड्या मारून वर्षाला निम्मे कवेलू फोडतात. कवेलू फेरणारी माणसेही मिळेनाशी झाली. त्यामुळे स्लॅबचे घर म्हणजे सुटका वाटली, आणि ती काही अंशी खरीही होती.

परंतु सिमेंटच्या घराने आपल्या मातीची ओळख ठेवली नाही. माझा भाचा इमारतीचे काम शिकलेला आहे. त्याने मला तीन गोष्टी समजावून दिल्या, त्या मी माझ्या शब्दांत सांगते.

पहिली गोष्ट काळ्या मातीची. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतातल्या भेगेत हात जातो हे आपण पाहतोच. गावे पांढरीवरून वाढत वाढत काळीत उतरली. नव्या वस्त्या, नवे ले-आउट सगळे काळ्या रानात. तिथे पाया वरचेवर घातला तर घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते आणि थोडे खाली बसते, आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. मग आपण पुट्टी भरतो, रंग देतो, आणि पुढच्या वर्षी भेग पुन्हा डोके वर काढते. पाया मुरुमापर्यंत खोल न्यावा हा जुना गवंड्यांचा नियम. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खास पाया सांगितला आहे. खोल भोक घेऊन तळाशी कांद्यासारखा फुगवटा ठेवायचा आणि त्यात काँक्रीट भरायचे, म्हणजे वरची माती हलली तरी घर जागेवर राहते. घर आधीच बांधून झाले असेल तर निदान पायाजवळ पाणी मुरू देऊ नये. गळका नळ, तुंबलेली नाली आणि भिंतीला लागून लावलेले मोठे झाड ही भेगांची कारणे असतात. घराभोवती उताराची फरशी करून पाणी दूर काढावे. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण पुढच्या दहा वर्षांचा रंग वाचवते.

दुसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर ही बाजू. माझे माहेर त्यातलेच. विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही. याच पाण्यात सिमेंट कालवले आणि याच पाण्याने स्लॅब भिजवला तर आतल्या सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि छताचे पोपडे खाली येतात. विटाही खालून खार ओढून घेतात आणि भिंत कमरेएवढी झडत राहते. तेथे महागडा रंग देणे म्हणजे ओल्या लाकडाला तेल लावणे. गोड्या पाण्याचा टँकर आणि जोत्यावर ओल अडवणारा थर, या दोन गोष्टींवर आधी खर्च करावा.

तिसरी गोष्ट उन्हाची. अकोल्याला उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढल्याचे आपण अनुभवले आहे. मातीची जाड भिंत दुपारची झळ आत येऊ देत नसे. पातळ विटेची भिंत आणि उघडा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो. मग कूलर आला, कूलरला पाणी आणि वीज आली, आणि ज्या घरी पाणी चार दिवसांनी येते तिथे कूलर भरण्यावरून भांडणे आली. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला, पश्चिमेच्या खिडकीवर पुढे आलेले छज्जे ठेवले, दारात एक कडुलिंब वाढू दिला, तर फरक जाणवतो. हे काम चार-दोन हजारांत होण्यासारखे आहे.

यावरून जुनी मातीची घरेच चांगली होती असे कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. दगडमातीच्या भिंती आणि वर वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीचे जड छत, हे सारे अंगावर आले. आपल्या धाब्यांवरही दर मृगाला मातीचा नवा थर चढतच गेला, आणि खालचे लाकूड मात्र तेच राहिले. ज्यांच्याकडे अजून धाबे आहे त्यांनी जुने थर उतरवून घ्यावेत आणि तुळयांची टोके भिंतीत कुजली तर नाहीत ना, हे पाहावे. आणि दूरचे कशाला, ऑक्टोबर २०२२ मध्ये अमरावतीच्या प्रभात चौकातली जीर्ण इमारत कोसळून पाच माणसे दगावली. त्या दिवसापासून जुन्या घराचे काम काढताना माझ्या पोटात गोळा येतो.

आता आमच्या घराविषयी थोडे सांगते. आमचे घर जुन्या वस्तीतले. पुढचा भाग पक्क्या विटांचा, मागचा मातीच्या विटांचा आणि सागाच्या खांबांचा. दोन वर्षांपूर्वी थोडी रक्कम हातात आली आणि घर सुधारायचे ठरले. मुलाची इच्छा अशी की मधली भिंत काढून ओसरी आणि माजघर मिळून एक मोठा हॉल करावा, वर पीओपीचे छत, खाली चकचकीत टाईल्स. त्याचे लग्न व्हायचे आहे, पाहुणे येणार, त्याचेही म्हणणे वावगे नव्हते. यजमानांचा कल वरच्या मजल्यावर खोली चढवण्याकडे. आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे मागच्या अंगणातल्या संडासापर्यंत रात्री जाववत नव्हते. त्यांनी मात्र काहीच मागितले नाही. संध्याकाळनंतर त्या पाणी प्यायच्या बंद झाल्या होत्या, हे माझ्या लक्षात आले ते त्यांचा तांब्या सकाळी भरलेलाच दिसू लागला तेव्हा.

आम्ही ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी मधल्या भिंतीवर वाजवून पाहिले, कान लावला, खांबांच्या मुळाशी कानस खुपसून पाहिली, आणि म्हणाले, "भितीले पानी लागलं का ते आधी बोलते व माय; मानूसच आयकत नाही." ती भिंत वरच्या दोन तुळयांचा भार घेऊन उभी होती. ती काढली असती तर छत कशावर राहिले असते? वर मजला चढवण्याचा विषय तेथेच संपला. मग आम्ही एका शिकलेल्या अभियंत्यालाही घर दाखवले. महानगरपालिकेच्या हद्दीत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची अशी तपासणी करून घ्यावी असा कायदाच आहे, हे मला तेव्हा कळले. त्यांचेही मत मिस्त्रींसारखेच पडले.

त्या रात्री घरात बरीच बोलाचाली झाली. मुलगा म्हणाला, "आई, एवढा पैसा घालून घर आहे तसेच दिसणार!" मी म्हटले, "दिसणार तसेच, पण आजीला रात्री पाणी पिता येईल." तो गप्प झाला. शेवटी सासूबाईंच्या खोलीला लागून संडास-न्हाणी केली, जमिनीला खरखरीत फरशी घातली, भिंतीला धरायला दांडा लावला. कुजलेल्या दोन तुळया बदलल्या, छताचे ओझे उतरवले, मागच्या नालीला उतार दिला. स्वयंपाकघरात वर खिडकी काढली आणि माझ्या उंचीच्या मापाने ओटा बांधला. उरलेल्या पैशात पुढच्या ओसरीला रंग दिला. मुलाने रंग स्वतः निवडला. पाहुणे येतात ते ओसरीच पाहतात. सासूबाईंचा तांब्या मात्र आता सकाळी रिकामा असतो.

हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. हल्ली सर्वत्र घरे सुधारण्याची लाट आली आहे, आणि ती येणे चांगलेच आहे. मात्र शेजारणीने ट्रॉलीचे स्वयंपाकघर केले म्हणून आपणही करायचे, नणंदेकडे पीओपी आहे म्हणून आपल्याकडेही हवे, असे होऊ लागले की खर्चाला धरबंध राहत नाही. आपला भाग कापसाचा. पाऊस आणि भाव दोन्ही आपल्या हातात नाहीत. कर्जापायी आपल्या भागातल्या किती घरांवर काय काय वेळा आल्या, ते मी येथे सांगायला नको. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. अशा मुलखात घराच्या शोभेसाठी व्याजाने पैसा काढण्यापूर्वी बाईने तरी दहादा विचार करावा. घरच्या कर्त्या पुरुषाला "एवढे तरी करून द्या" असे आपण म्हणतो, तेव्हा ते "एवढे" कशासाठी हवे आहे, हे आपल्या मनाशी स्पष्ट असावे.

दीडशे वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर मला एक गोष्ट दिसते. नक्षीचे खांब, रंगीत काचा, मोझॅकची फरशी या प्रत्येकाचा काळ आला आणि गेला. एका पिढीने हौसेने केले ते दुसऱ्या पिढीने उपटून टाकले. मात्र धूर बाहेर काढणारी चूल, घरातला नळ, घराजवळचा संडास, उजेडाची खिडकी, उभ्याने काम करता येईल असा ओटा, यांतले एकही कोणी परत काढून टाकले नाही. ज्या बदलाने घरातल्या माणसाचे दुखणे किंवा कष्ट कमी झाले तो बदल घराने आपलासा केला.

तेव्हा पैसा कितीही असो, क्रम असा धरावा असे मला वाटते. प्रथम पाया, छत आणि भेगा. मग पाणी, नाली आणि संडास. त्यानंतर स्वयंपाकघरातला धूर, उजेड आणि उन्हाळ्याची झळ. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरू नयेत अशी जमीन. हे सगळे झाल्यावर रंग, टाईल्स आणि पीओपी खुशाल करावे. हौस ही काही पाप नाही. दारात रांगोळी आपण हौसेनेच काढतो, पण आधी अंगण झाडतो.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जातोच. यंदा मृगाच्या आधी दोघी-तिघींनी मिळून एकमेकींच्या घराची भिंत, छत आणि नाली नीट पाहावी. ज्या घरी एकटी म्हातारी माणसे राहतात तिथे तर जरूर जावे. भेग दिसली तर तिच्यावर तारीख घालून पेन्सिलीने खूण करावी आणि दोन महिन्यांनी ती वाढली का ते पाहावे. वाढली असेल तर जाणत्याला बोलवावे. पूर्वी सारवता-पोतारता बायकांना घराची नाडी कळत असे. ते काम आता राहिले नाही. पण आपले डोळे आहेत, हात आहेत आणि मंडळ आहे.